यरुशलेमच्या पोटातला बोगदा

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं आलं तसं बरंचसं ठेवलं आहे, फक्त अडखळणं काढलं आहे.)

 

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सांगितलं होतं की यरुशलेमवर एक भाग करा. मी टाळत होतो, खरं सांगतो. कारण या शहरावर बोलायला लागलं की पाच मिनिटांत एकतर प्रवचन होतं नाहीतर भांडण. तीन धर्मांचं पवित्र शहर. मराठी बायबलमध्ये यरुशलेम, बातम्यांमध्ये जेरुसलेम, हिब्रूत येरुशलायिम, अरबीत अल्-कुद्स. प्रत्येक नावामागे एक आख्खा इतिहास, आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच खरा.

म्हणून आज मी एक वाट निवडली आहे. आपण या शहराच्या माथ्यावर जायचं नाही. खाली उतरायचं. पाण्यातून.

फोन हातात असेल तर नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि यरुशलेमचं जुनं शहर शोधा. सोनेरी घुमट लगेच दिसेल. तो डोम ऑफ द रॉक, इ.स. ६९१-९२ च्या सुमाराला उमय्यद खलिफा अब्द अल्-मलिकने पूर्ण केलेला. आता बोटाने थोडं खाली, म्हणजे दक्षिणेकडे सरका. तटबंदी संपते. तिच्या बाहेर जिभेसारखी एक अरुंद टेकडी खाली उतरताना दिसेल, घरांनी गच्च भरलेली. पूर्वेला किद्रोनचं खोरं.

दावीद राजाने जिंकलेलं यरुशलेम ते हे. भिंतीच्या आतलं प्रसिद्ध जुनं शहर नाही, भिंतीबाहेरची ही जीभ. साधारण १२ एकर. आपल्याकडची एखादी मोठी हाउसिंग सोसायटी असते ना, तेवढं.

आता गंमत बघा. ही टेकडी आजूबाजूच्या सगळ्या टेकड्यांपेक्षा ठेंगणी आहे. शेजारी जैतूनाचा डोंगर, पश्चिमेला उंच भाग, उत्तरेला जिथे पुढे मंदिर झालं ती जागाही वर. शहर वसवणारे लोक काही वेडे नव्हते. शत्रू वरून दगड मारेल हे त्यांना कळत होतं. मग सगळ्यात खालची टेकडी का?

कारण तिच्या पायथ्याशी झरा होता. गीहोन. बाराही महिने वाहणारा. आणि आसपास तसा दुसरा जोरदार झरा नव्हता. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, जवळ नदी नाही, उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, पूर्वेला तास-दोन तासांच्या अंतरावर वाळवंट सुरू. ट्रेकला जाणाऱ्यांना मी वेगळं काय सांगू, गडावर पोहोचलो की आपण आधी टाकं कुठे आहे ते विचारतो.

गीहोन या नावाचा अर्थच उसळणारा. चुनखडीच्या डोंगरात पाणी साठतं आणि एका पातळीला आलं की भसकन बाहेर येतं, मग मंदावतं, मग पुन्हा. जुने लोक त्याला जिवंत समजत असतील तर नवल नाही.

शहर किती जुनं? इजिप्तमध्ये अमर्ना नावाच्या ठिकाणी मातीच्या पाट्यांचं एक दफ्तर सापडलं, १८८७ साली. इ.स.पू. चौदाव्या शतकातला राजांचा पत्रव्यवहार. त्यात उरुसलिम नावाच्या गावाचा राजा अब्दी-हेबा इजिप्तच्या फराओला पत्रं लिहितो आहे, आणि त्यांचा सूर साधारण असा की मी तुमचा एकनिष्ठ सेवक, माझ्याविरुद्ध लोक कानाला लागतात, कृपा करून धनुर्धारी पाठवा. म्हणजे दावीदाच्याही आधी तीनेकशे वर्षं हे शहर होतं, त्याचं नाव जवळपास हेच होतं, आणि तिथला राजा वेढ्याच्या भीतीने झोप उडालेला माणूस होता. त्या गादीवर बसलेल्यांचं हे दुखणं जुनंच.

बायबलमध्ये झरा पहिल्यांदा मोठ्या प्रसंगात येतो तो १ राजेच्या पहिल्या अध्यायात. वाचला नसेल तर जरूर वाचा, सिरीजमध्ये शोभेल असा प्रसंग आहे. दावीद म्हातारा झालाय, अंथरुणाला खिळलाय. त्याचा मुलगा अदोनीया परस्पर ठरवतो की आता राजा मीच. खाली खोऱ्यात एन-रोगेलजवळ मेजवानी ठेवतो, सेनापती यवाबसुद्धा त्याच्या पंगतीला. ही बातमी नाथान संदेष्टा बथशेबाला देतो, ती राजाकडे जाते. आणि म्हातारा दावीद एकदम जागा होतो. शलमोनाला माझ्या खेचरावर बसवा, गीहोनपाशी न्या, तिथे अभिषेक करा. सादोक याजक तेलाचं शिंग घेऊन जातो, रणशिंग वाजतं, लोक इतका जल्लोष करतात की खाली जेवत बसलेल्या पाहुण्यांना तो आवाज ऐकू येतो. यवाब विचारतो, हा गोंगाट कसला? आणि पंगत फुटते. एकेक जण हळूच उठून पसार.

आता प्रश्न असा की अभिषेक झऱ्यापाशी का? मंदिर तेव्हा बांधलेलंच नव्हतं हे एक. पण मला वाटतं कारण साधं आहे. सगळं गाव रोज जिथे येतं ती जागा पाणवठ्याची. तिथे राजा झाला की सगळ्यांसमोर झाला. हे माझं मत, ग्रंथात असं लिहिलेलं नाही.

शलमोनाने वरच्या टेकडीवर मंदिर बांधलं, असं बायबल सांगतं. तिथून पुढे शहराचं डोकं वर गेलं आणि पाय खाली पाण्यात राहिले. आणि इथेच ती मोठी अडचण तयार झाली, जिच्यासाठी आजचा भाग आहे.

झरा तटाच्या पायथ्याशी, खोऱ्यात. वेढा पडला की शत्रू नेमका तिथेच येऊन बसणार. त्याला थंडगार पाणी, आणि तुम्ही आत तहानेने तडफडताय. झऱ्याभोवती प्रचंड दगडांचे बुरूज सापडले आहेत. १९९५ पासून रॉनी राइख आणि एली शुक्रोन या दोन पुरातत्त्वज्ञांनी तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. ते बुरूज दावीदाच्याही आधीच्या कनानी लोकांचे की नंतरच्या राजांचे यावर वाद आहे. २०१७ साली कार्बन चाचणीने एका बुरुजाचा काळ बराच अलीकडचा, इ.स.पू. नवव्या शतकाच्या अखेरीचा काढला, तेव्हा चांगलीच चर्चा झाली. पण बांधला कुणीही असो, त्याचा हेतू एकच, झरा वाचवा.

आता या वर्षावर थांबू. इ.स.पू. ७०१.

यहूदाच्या गादीवर हिज्कीया आहे. त्याच्या उत्तरेचं भावकीतलं राज्य, इस्राएल, वीसेक वर्षांपूर्वी अश्शूरी साम्राज्याने गिळलंय. तिकडून निर्वासितांचे लोंढे आले असावेत, कारण याच काळात यरुशलेम एकदम फुगतं, पश्चिमेच्या टेकडीवर पसरतं. लोक वाढले, घरं वाढली, झरा एकच. आणि हिज्कीयाने अश्शूरच्या राजाला खंडणी देणं थांबवलं. का थांबवलं यावर अभ्यासक पानंच्या पानं लिहितात. परिणाम मात्र स्पष्ट होता. सन्हेरीब येणार.

सन्हेरीब म्हणजे काय प्रकरण होतं ते बघायचं असेल तर ब्रिटिश म्युझियममध्ये लाखीश शहराच्या वेढ्याची शिल्पं आहेत, त्याच्या निनवेच्या राजवाड्यातली. इंटरनेटवर फोटो सहज मिळतील. तटावर चढणारी यंत्रं, खांबांवर टांगलेली माणसं, सामान डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका, गाड्यांवर बसवलेली मुलं. राजाने हे आपल्या भिंतीवर सजावट म्हणून लावलं होतं! लाखीश हे यहूदातलं यरुशलेमखालोखाल महत्त्वाचं शहर. तिथे अश्शूरींनी तटाला लावून उभारलेली दगडांची उतरंड आजही दिसते.

आता यरुशलेमच्या लोकांना हे सगळं कळत होतं. पुढचा नंबर आपला.

२ इतिहासाच्या ३२ व्या अध्यायात लिहिलंय की हिज्कीयाने सरदारांशी मसलत करून शहराबाहेरचे झरे बुजवायचं ठरवलं. त्यामागचा विचार अगदी सरळ होता, अश्शूरच्या राजाला इथे भरपूर पाणी आयतं का मिळावं? आणि त्याच अध्यायात पुढे, तसंच २ राजेच्या २० व्या अध्यायात, अगदी ओझरता उल्लेख आहे की त्याने गीहोनचं पाणी वळवून शहरात आणलं. एखाद्या ओळीत आटपलंय. मी कितीतरी वेळा ती ओळ वाचून पुढे गेलो असेन. राजांच्या यादीत असतं तसं काहीतरी, तळं बांधलं, पाट काढला, बाकीचं अमुक ग्रंथात लिहिलेलं आहे. कोण थांबतं?

पण ती ओळ जमिनीखाली अजून आहे. ५३३ मीटर लांब.

झऱ्यापासून टेकडीच्या पोटातून जाऊन दुसऱ्या बाजूच्या शिलोहाच्या तळ्यात निघणारा बोगदा. सरळ रेषेत अंतर साधारण ३२० मीटर, पण बोगदा वळसे घेत जातो, इंग्रजी एस अक्षरासारखा. पाणी आपोआप वाहायला हवं म्हणजे उतार हवा, आणि उतार किती ठेवलाय माहीत आहे? दोन टोकांच्या उंचीत फरक जेमतेम ३० सेंटिमीटरचा. अर्ध्या किलोमीटरला एक फूटपट्टी! छिन्नी आणि हातोड्याने. तेलाच्या दिव्यांच्या उजेडात.

आणि खरी कमाल म्हणजे तो एका बाजूने खोदलेला नाही. दोन टोळ्या होत्या, एक झऱ्याच्या बाजूने, एक तळ्याच्या बाजूने, समोरासमोर. शत्रू येतोय, वेळ कमी. मध्ये अख्खा डोंगर. होकायंत्र नाही, नकाशा नाही. कसे भेटले? यावर बरेच तर्क आहेत. डोंगरातल्या नैसर्गिक फटीच्या मागे मागे गेले असा एक तर्क, वरून जमिनीवर ठोकून खालच्यांना दिशा देत होते असा दुसरा. मला दुसरा जास्त पटतो, पण तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. एवढं दिसतं की मध्याजवळ बोगदा गोंधळलेला आहे. थोडं डावीकडे खोदलं, सोडून दिलं, थोडं उजवीकडे, पुन्हा वळवलं. ते अर्धवट खोदलेले कोपरे आजही दिसतात. चुका दगडात तशाच राहिल्यात.

बाहेरच्या अभ्यासकांपैकी अमेरिकेचा एडवर्ड रॉबिन्सन १८३८ साली त्यातून रांगत गेला आणि त्याने मोजमाप घेतलं. पण सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. ती सापडली १८८० मध्ये, पाण्यात खेळायला गेलेल्या एका शाळकरी मुलाला. तळ्याच्या टोकापासून काही मीटर आत, भिंतीवर त्याला अक्षरं दिसली.

सहा ओळी. प्राचीन हिब्रू लिपीत. त्या काळातल्या इतक्या लांब हिब्रू शिलालेखाला फार मोठं मोल आहे, असे लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आता तुम्ही सांगा, राजाने एवढं अचाट काम केलं, तर शिलालेखात काय असेल? मी अमुक, अमुकचा मुलगा, माझ्या देवाच्या कृपेने... असंच ना? त्या काळचे सगळे राजे हेच लिहायचे. सन्हेरीब तर थांबायचंच नाव घेत नाही.

या लेखात राजाचं नाव नाही. देवाचंही नाही. तो सांगतो फक्त खोदणाऱ्यांची गोष्ट. माझ्या शब्दांत सांगतो. अजून तीन हात दगड उरला होता तेव्हा पलीकडून एक माणूस आपल्या सोबत्याला हाक मारताना ऐकू आला. मग भेटीच्या दिवशी पाथरवटांनी एकमेकांच्या दिशेने, कुदळीला कुदळ भिडवत घाव घातले. आणि पाणी झऱ्यापासून तळ्याकडे वाहिलं, १२०० हात. आणि पाथरवटांच्या डोक्यावर १०० हात दगड होता.

संपलं. एवढंच.

हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. १२०० ला गुणा. ५४० मीटर. प्रत्यक्षात ५३३. बरोबर मोजलं होतं त्यांनी.

मंडळी, हे ऐकून मला प्रत्येक वेळी काहीतरी होतं. यरुशलेमबद्दल राजे बोललेत, संदेष्टे बोललेत, सेनापती, खलिफा, पोप, पंतप्रधान सगळे बोललेत. आणि त्या काळातला तिथला इतका लांब मजकूर जो दगडात टिकला, तो बोलतोय की अंधारात पलीकडून आवाज आला. लिहिणाऱ्याला तोच क्षण जपावासा वाटला. राजाला दिसणारही नाही अशा जागी, पाण्याच्या वर, बोगद्याच्या आत.

बोगदा हिज्कीयाचाच कशावरून, असं कुणी विचारेल. बरोबर आहे, नाव नाही म्हटल्यावर शंका येणारच. राइख आणि शुक्रोन यांनी स्वतःच तो थोडा आधीचा असावा असं म्हटलं होतं. पण २००३ साली नेचर या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. बोगद्याच्या गिलाव्यात अडकलेले वनस्पतींचे अंश आणि छतावरून लोंबणारे चुन्याचे स्फटिक, दोन्हींचं वय काढलं. उत्तर इ.स.पू. ७०० च्या आसपास. बायबलच्या त्या एका ओळीशी जुळणारं.

आता वेढ्याकडे परत. २ राजेचा १८ वा अध्याय. सन्हेरीबचा अधिकारी रब्शाके फौज घेऊन येतो आणि उभा कुठे राहतो? वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर. यशयाच्या ७ व्या अध्यायात नेमकी हीच जागा आहे. तिथे काही दशकं आधी यशया संदेष्टा हिज्कीयाच्या बापाला, आहाज राजाला भेटला होता आणि घाबरू नकोस, विश्वास ठेव असं सांगत होता. बापाने ऐकलं नाही, अश्शूरला शरण गेला. आता त्याच पाटाजवळ अश्शूरचा माणूस मुलासमोर उभा.

रब्शाके मोठ्याने बोलतो, आणि तेही तिथल्या लोकांच्या भाषेत. हिज्कीयाचे अधिकारी काकुळतीला येतात, अहो अरामी भाषेत बोला, आम्हाला कळते, तटावरच्या लोकांना ऐकू जाऊ देऊ नका. तो म्हणतो, त्यांनाच तर ऐकवायचंय. हेच लोक तुमच्याबरोबर स्वतःची विष्ठा खाणार आणि मूत्र पिणार आहेत. आणि लगेच पुढे आमिष, शरण या, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या टाक्यातलं पाणी प्याल.

म्हणजे धमकी तहानेची, लालूच पाण्याची, आणि बोलणारा पाटाशेजारी उभा. त्याला बहुधा माहीत नव्हतं की त्याच्या पायाखालच्या डोंगरात काय चाललंय किंवा काय होऊन गेलंय.

पुढे काय झालं? इथे आपल्याकडे दोन्ही बाजूंचं म्हणणं आहे, आणि हे प्राचीन इतिहासात फार क्वचित होतं. बायबल म्हणतं, एका रात्री परमेश्वराच्या दूताने अश्शूरी छावणीत १ लाख ८५ हजार मारले आणि सन्हेरीब परत गेला. सन्हेरीबच्या मातीच्या स्तंभावर कोरलंय की मी यहूदाची ४६ तटबंदीची शहरं घेतली, आणि हिज्कीयाला त्याच्याच शहरात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. वाचताना लक्षात घ्या, कोंडलं म्हणतो, शहर घेतलं म्हणत नाही. एवढा बढाईखोर राजा जे बोलत नाही तेही पुरावाच असतो. खंडणीचा हिशेब दोघांनीही दिलाय. बायबलमध्ये ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोनं, अश्शूरी नोंदीत ८०० चांदी आणि ३० सोनं. सोन्याचा आकडा जुळतो! आणि हिज्कीयाने ते मंदिराच्या दारांचं सोनं खरवडून दिलं हे बायबलच सांगतं, लपवत नाही. म्हणजे शहर वाचलं, पण आजूबाजूचा सगळा देश उद्ध्वस्त झाला आणि तिजोरी रिकामी झाली. विजय म्हणायचा तर असा.

आणि एक माणूस या सगळ्या तयारीवर नाराज होता. यशया. २२ व्या अध्यायात तो सुनावतो. तुम्ही यरुशलेमची घरं मोजलीत, तट पक्का करायला घरं पाडलीत, दोन भिंतींच्या मध्ये हौद बांधलात, पण ज्याने हे सगळं घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. १९७० च्या दशकात नाहमान अविगाद यांना जुन्या शहराच्या यहुदी भागात त्या काळची एक भिंत सापडली, सात मीटर रुंद. आणि ती घरांच्या पायावरून गेलेली आहे. खरोखर घरं पाडून बांधलेली. कुणाची असतील ती? उत्तरेकडून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांची असणं अगदी शक्य आहे. संरक्षणाची कामं नेहमी कुणाच्या तरी घरावरून जातात.

इथे एक सांगायला हवं. यशयाला पाण्याबद्दल राग नाही. आठव्या अध्यायात तो शिलोहाच्या संथ पाण्याची तुलना फरात नदीच्या पुराशी करतो. लोकांनी संथ पाणी नाकारलं, म्हणून आता त्यांच्यावर महापूर येईल, म्हणजे अश्शूर. शहराच्या चिमुकल्या पाटाला त्याने विश्वासाची खूण केलं. जगाच्या महासत्तांच्या शेजारी आपलं छोटंसं, हळू वाहणारं पाणी. मला वाटतं बायबलमध्ये यरुशलेमचं जे स्थान आहे ते समजायला ही एक प्रतिमा पुरते.

पुढचं भराभर सांगतो, नाहीतर तासाभराचा भाग होईल.

इ.स.पू. ५८६, बाबेलचा नबुखद्नेस्सर. या वेळी वेढा लांबला, आणि २ राजेमध्ये लिहिलंय की शहरात अन्न उरलं नाही. पाणी होतं, भाकरी संपली. शहर पडलं, मंदिर जळलं, लोक बंदी होऊन गेले. परतल्यावर शतकभराने नहेम्या रात्री गुपचूप पडक्या तटाची पाहणी करायला निघतो. राजाच्या तळ्याजवळ इतका ढिगारा असतो की त्याच्या जनावराला पुढे पाऊल टाकायला जागा नसते. मग शिलोहाच्या तळ्याची भिंत पुन्हा बांधल्याची नोंद येते.

रोमन काळात एक भलताच प्रकार. पिलात, हो तोच पिलात, ज्याने येशूला क्रुसाची शिक्षा दिली, त्याने शहरात पाणी आणायला लांबलचक कालवा काढला आणि पैसा मंदिराच्या पवित्र निधीतून घेतला. लोक खवळले. पिलाताने साध्या कपड्यांत सैनिक गर्दीत घुसवले, आणि इशारा होताच त्यांनी लोकांना दंडुक्यांनी झोडपलं. कितीतरी मेले. योसेफस या त्या काळच्या यहुदी इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. पाणी सगळ्यांनाच हवं होतं. पण कुणाला न विचारता, कुणाच्या पैशाने, हा प्रश्न होता.

त्याच काळात मंडपांच्या सणाला याजक शिलोहाच्या तळ्यावरून सोन्याच्या सुरईत पाणी भरून वाजतगाजत मंदिरात नेत आणि वेदीवर ओतत. योहानाच्या शुभवर्तमानात ७ व्या अध्यायात येशू याच सणाच्या शेवटच्या दिवशी उभा राहून तहानलेल्यांना आपल्याकडे बोलावतो. सगळ्या शहराच्या डोळ्यांसमोर पाणी असताना. आणि ९ व्या अध्यायात जन्मापासून आंधळ्या माणसाच्या डोळ्यांवर चिखल लावून सांगतो, शिलोह तळ्यात जाऊन धू. योहान मुद्दाम अर्थही देतो, शिलोह म्हणजे पाठवलेला. ते पाणीही तसंच, डोंगराच्या पोटातून पाठवलेलं.

ते तळं नेमकं कुठलं हे शेकडो वर्षं चुकत होतं. लोक बोगद्याच्या तोंडाशी असलेलं एक छोटं, नंतरच्या काळातलं कुंड दाखवायचे. २००४ साली सांडपाण्याचा पाइप दुरुस्त करताना यंत्राला रुंद दगडी पायऱ्या लागल्या. राइख आणि शुक्रोन धावत गेले. पाच पायऱ्या, मग चौथरा, पुन्हा पाच पायऱ्या. येशूच्या काळातलं मोठं तळं होतं ते. तुंबलेल्या पाइपचे आभार!

इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं मंदिर पाडलं आणि शहर जाळलं. तिथून पुढे यरुशलेम यहुद्यांसाठी मुख्यतः प्रार्थनेतलं शहर झालं. आणि इथे मराठीचा एक धागा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी म्हणजे हगादा, ती १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठीत छापली गेली, १८७४ मध्ये पुण्यात पुन्हा निघाली. त्या पोथीच्या शेवटी पुढच्या वर्षी यरुशलेमात असू अशी इच्छा असते. अलिबागच्या, पेणच्या आसपासच्या घरांत पिढ्यान् पिढ्या ती इच्छा बोलली गेली. १९४८ नंतर त्यातले हजारो लोक खरंच इस्राएलला गेले, आणि तिथेही मराठी बोलत राहिले.

१९४८ म्हटलं की वेढा पुन्हा आला. युद्धात यरुशलेमला येणारी पाण्याची मुख्य नळवाट तुटली, आणि शहराच्या पश्चिम भागात घराघरांखालच्या जुन्या टाक्यांमध्ये आधीच साठवून कुलूपबंद केलेलं पाणी मोजून वाटलं गेलं. सत्तावीसशे वर्षांनी तोच हिशेब. त्याच युद्धात पश्चिम भागातल्या पॅलेस्टिनी कुटुंबांची घरं गेली, आणि जुन्या शहरातल्या यहुदी वस्तीतले लोक बाहेर काढले गेले.

आणि आज? सुरुवातीला नकाशावर जी जीभ बघितली, तो सिलवान नावाचा भाग. मुख्यतः पॅलेस्टिनी लोक राहतात. सिलवान हे नाव शिलोहावरूनच आलेलं. झऱ्याला अरबीत ऐन उम्म अद्-दरज म्हणतात, पायऱ्यांचा झरा. १९६७ पासून हा भाग इस्राएलच्या ताब्यात आहे, आणि घरांखाली, रस्त्यांखाली खोदकाम चालू आहे. एकीकडे तिथून अफाट माहिती मिळते, आज मी जे सांगितलं त्यातलं बरंच तिथूनच आलंय. दुसरीकडे वर राहणारे लोक म्हणतात आमच्या भिंतींना तडे जाताहेत आणि आम्हाला इथून उठवण्यासाठी दावीदाचं नाव वापरलं जातंय. कोर्टकचेऱ्या चालू आहेत. मी हे सांगतोय कारण खालचा इतिहास सांगायचा आणि वरच्या माणसांबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. यशयाने पाडलेली घरं मोजली होती, तो संदर्भ मनातून जात नाही.

राहिला तो शिलालेख. शोधानंतर दहा वर्षांत कुणीतरी तो भिंतीतून कापून चोरला. त्यात त्याचे तुकडे झाले. तेव्हा राज्य ऑटोमन तुर्कांचं. त्यांनी तुकडे मिळवून राजधानीला नेले, आणि आज तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. इस्राएलने मागून पाहिला, तुर्कस्तानने दिलेला नाही. बोगद्यात त्या जागी आता प्रतिकृती आहे.

पण बोगदा चालू आहे. तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं. सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत, पुढे घोट्यापर्यंत. खांदे घासतात इतका अरुंद, काही ठिकाणी वाकावं लागतं. आत दिवे नाहीत, टॉर्च न्यायचा. साधारण ४० मिनिटं लागतात. मध्यावर पोहोचलात की भिंतीला हात लावून बघा. छिन्नीचे घाव एका बाजूला एका दिशेने तिरके आहेत, आणि काही पावलांनंतर उलट दिशेने. तिथे भेटले ते.

पुढच्या भागात लाखीश. ज्यांचं शहर वाचलं नाही, त्यांची गोष्ट. तोपर्यंत १ राजेचा पहिला अध्याय वाचून ठेवा आणि अदोनीयाच्या पंगतीतून सगळ्यात आधी कोण उठलं असेल, ते कमेंटमध्ये कळवा. येतो मी.